सगळ्या बायांना विचारायचा प्रश्न

माझी नात मला फौजदार म्हणते. दूधवाला दूध ओतून गेला की मी पातेलं उजेडात नेऊन बघते, भाजीवालीने काटा उचलला की मी तिच्या भाजीकडे न बघता करंगळीकडे बघते, आणि कोणी माझी फार विचारपूस करायला लागलं की मला आधी वाटतं, याला काय पाहिजे? सून यावर नुसती हसते. तिच्यावरही माझं लक्ष असतं आणि तिला ते ठाऊक आहे.

संशय रक्तातच असेल, पण त्याला धार आली नोकरीत. भंडारा जिल्ह्यात बाळंतपणाची नर्स म्हणून माझा जन्म गेला. बाई म्हणते दिवस गेले नाहीत, तिचं पोट दुसरंच सांगतं. बाई म्हणते पायरीवरून पडले, तिचा दंड दुसरंच सांगतो. समोरचा माणूस सांगतो त्यातलं अर्धंच खरं धरायचं, उरलेलं आपण शोधायचं, अशी माझी रीत.

ही हकीकत माझ्या तरुणपणीची आहे. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते.

हसू नका. आता पासष्टी ओलांडल्यावर मागे बघते तेव्हा ती सत्तावन्नची बाई मला पोरसवदाच दिसते. मेंदी लावून लाल केलेले केस, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, आणि चालणं असं, जणू आरोग्य केंद्राच्या भिंती हिच्याच जोरावर उभ्या. बाई दारात आली की तिच्या नुसत्या चपला बघून मी महिने सांगते, अशी माझी बढाई होती. दोनदा बरोबर आलं होतं. बाकीच्या वेळा कोणी मोजल्या नाहीत, मी तर नाहीच. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता. सकाळी तो फॅक्टरीच्या बसमध्ये चढायचा, मी एसटीत. जाताना मला म्हणायचा, "आज कोणाले पकडशील?"

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना जिल्ह्याच्या गावी एका प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. आम्हा नर्सांना प्रशिक्षणाचा मुळातच संशय. प्रशिक्षण म्हणजे नवं काम अंगावर. चहा आणि आलूपोहे द्यायचे आणि जाताना हातात काहीतरी भरायला द्यायचं. माझ्या शेजारची सिस्टर तर खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "टार्गेट किती देऊन राहिले, ते पहिले पाह्य वो."

शिकवायला आलेली डॉक्टरीण नागपूरची, माझ्या लेकीच्या वयाची, केस कानापर्यंत कापलेले. मी तिला नखशिखान्त तपासलं आणि मनात शेरा मारला : बाळंतपणं किती केली असतील हिनं? दहा?

तिने विषय सांगितला आणि पोहे खाणारे चमचे थांबले. काही थोड्या समाजांत, आणि आपल्या देशातही, मुलगी सहा-सात वर्षांची झाली की तिच्या लघवीच्या जागेचा थोडा भाग कापतात. खतना म्हणतात त्याला. कोणी म्हातारी करते, कुठे चक्क शिकलेला डॉक्टर करतो. तब्येतीला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट रक्त जातं, जखम चिघळते, लघवीला आग होते, आणि मनातली भीती तर लग्नापर्यंत, बाळंतपणापर्यंत सोबत येते. हे थांबवा म्हणून त्या समाजातल्याच बाया पुढे आल्या आहेत, हेही तिने सांगितलं. समाज कोणता, ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा तिकडे बोट दाखवतो आणि मोकळा होतो. माझं बोट कसं चाललं, ते आता येतंच आहे.

"आपल्या इकडे कोण करते हे?" मागून कोणीतरी म्हणालं. "हे मोठ्या शहरातलं हाय."

"मग मोठ्या शहरात मुली येतात कुठून?" डॉक्टरीण म्हणाली. "सुटीत मावशीकडे, आत्याकडे नेतात. गावात काही होत नाही, म्हणून गावात काही दिसत नाही."

आणि आम्हीच का? तर पोटुशी बाई महिन्यामागून महिना आमच्याच हाताखाली येते. तिच्याशी आत्ता बोललं, तर पोटातल्या मुलीला सात वर्षं मिळतात आणि घरातल्या मोठ्या लेकीलाही वेळ मिळतो. रीत तिने अशी घालून दिली : प्रश्न प्रत्येक बाईला विचारायचा. एकटीला विचारायचा. बीपी, साखर विचारतो त्याच आवाजात. "लहानपणी तुमच्या खालच्या भागाला कोणी कापलं, टोचलं होतं का? हे आम्ही प्रत्येक आईला विचारतो." नाव बघून नाही, कपडे बघून नाही. आणि मुलीला कपडे काढून तपासायला तर अजिबात जायचं नाही.

मी हात वर केला. फौजदाराला गप्प बसवत नाही. "मॅडम, जिच्या घरी हे होतच नाही, तिले विचारून वेळ कायले घालवायचा? आमाले मालूम असते कोणाचं घर कसं हाय."

ती माझ्याकडे आली. सगळ्या हॉलमध्ये फक्त माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, तुमच्या घरी मुलींचं असं करतात का?"

माझ्या कानशिलांतून धग निघाली. चाळीसएक बाया माझ्याकडे बघत होत्या. "मलेच काहून विचारता?"

"बस," ती म्हणाली. "एवढंच दाखवायचं होतं."

खरं तर हे मला शिकवायची गरजच नव्हती. आमच्या घरात माझ्या आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतलेली. नोकरीला लागले तेव्हा एका गावात बाया माझ्या हातची गोळी घ्यायच्या, पण पाणी स्वतःच्या घरून आणायच्या, आणि अगदी गोडीत विचारायच्या, "आडनाव काय म्हणालात?" एकटीलाच विचारलेला प्रश्न कुठे लागतो, ते मला डॉक्टरणीपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या सत्तावन्नच्या पोरीला सांगावं कोणी? येताना एसटीत खिडकीशी बसून ती एकाच घराचा विचार करत होती.

आमच्या केंद्राच्या गावात बाजारपेठेत एक हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, कोयंडे, नळाच्या तोट्या, विहिरीचे दोर, मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा. घर त्याच समाजाचं. त्या घरची सून तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. बोलकी, हसरी. तिची पहिली मुलगी पहिलीत होती, शाळा सुटली की दुकानाच्या ओट्यावर बसून खिळ्यांच्या रांगा लावायची. आणि सासू? पाठ ताठ, ओठ मिटलेले, नजर अशी की समोरच्याने आपण काय चोरलं ते आठवावं. मी ठरवून टाकलं : हीच.

पुढच्या तपासणीच्या दिवशी दोघी आल्या. बाकावर आठ-दहा बाया बसलेल्या. मी त्यांतल्या एकीलाही तो प्रश्न विचारला नाही. सुनेला टेबलावर घेतलं, पोटाला टेप लावला आणि सासूकडे तिरका डोळा ठेवून, तिला चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. वर आणखी माझ्या पदरचं जोडलं : "तुमच्यात करतात ना?"

शिकवलेल्या तीन गोष्टी एका दमात मोडल्या. आणि चेहऱ्यावर काय समाधान! गुन्हेगार सापडल्याचं.

सुनेने डोळे छताला लावले. सासू उठली. "सिस्टर, ये आपको किसने बोला? बाहर इतनी औरतें बैठी हैं. आम्हालाच काहून विचारता?"

"तसं नाही वो..."

"चल," ती सुनेला म्हणाली. सुनेने साडी सावरली आणि दोघी गेल्या. बाळाचे ठोके ऐकायचे राहून गेले.

पुढच्या तपासणीला सून आली नाही. गावातली आशा वर्कर बातमी घेऊन आली : आता ते भंडाऱ्याला खाजगीत दाखवतात. आणि दुसरी बातमी, तिच्या दृष्टीने साधी : "परीक्षा झाली का पोरीले घेऊन आत्याकडे जाऊन राहिले, तिकडे शहरात. पोरीले नवे कपडे शिवले."

मी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. ओट्यावर खिळ्यांच्या रांगा लावणारी पोर, परीक्षा, सुटी, आत्या, नवे कपडे. कदाचित काहीच नसेल. सुटीत पोरं आत्याकडे जातातच. माझी नाही का जायची? पण संशय एकदा बसला की उठत नाही. आणि तो खरा असला तर त्याच्या आड मीच भिंत घालून ठेवली होती. सून आता माझ्या दारात पाऊल टाकणार नव्हती.

मी डॉक्टरणीला फोन लावला. मनात होतं, ती म्हणेल पोलिसात जा, म्हणजे मी लगेच निघाले असते, कोट चढवून.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाकीच्या बायांना प्रश्न विचारलात?"

मी खोकले.

"सिस्टर?"

"रेंज नाही मॅडम," मी म्हटलं. रेंज चांगली होती.

"मुलीला धोका आहे असं ठोस कळलं तर मला लगेच कळवा, आपण पुढे जाऊ, त्यात मागेपुढे बघायचं नाही. पण आत्ता तुमच्याकडे नवे कपडे आहेत फक्त. आधी बाकीच्यांना विचारायला लागा. सगळ्यांना. तिला परत यायला वाट तर पाहिजे."

म्हणून मी विचारायला लागले. बाप्पा, काय ते दिवस! धानाच्या बांधीतून थेट आलेली एक बाई म्हणाली, "बाई, तुमची तब्येत बरी हाय ना?" एका सासूने मला लिंबू उतरवून टाकायचा सल्ला दिला. एक नवी नवरी इतकी लाजली की बीपी वर चढलं. आणि आसगावची एक ढिवराची बाई होती, तिसऱ्यांदा पोटुशी, आठवडी बाजारात मासे विकणारी. आवाज असा की तळ्याच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावा. तिला आत एकटीला घेऊन, दार लोटून, हळूच विचारलं. ती इतकी मोठ्यानं उत्तरली की दार लोटल्याचा काही उपयोग झाला नाही.

"असं बी करतेत का कोठी? माय वो! आमच्या घरी मासोया कापतेत बाई, पोरी नाही!"

बाहेरचा बाक हसला. मीही हसले आणि लगेच गप्प झाले, कारण हसण्यासारखं ते नव्हतं, आणि तीही नंतर हसत नव्हती. टेबलावरून उतरताना तिने हळू आवाजात विचारलं, "दुखत असन ना वो लेकराले?" तिला हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

जाळ्याचा धागा ती कुठून घेणार? हार्डवेअरच्याच दुकानातून. तिथे धागा मोजून घेता घेता तिने गल्ल्यावरच्या माणसाला नाही, आत बसलेल्या बायांना ऐकवलं की त्या नर्सबाईच्या डोक्यात काहीतरी बिघडलं हाय, ती साऱ्या जगाच्या बायांले एकच गोष्ट विचारून राहिली, आसगावच्या बी सोडल्या नाहीत. हे मला मागाहून समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की पुढच्या तपासणीला दारात चपलांचे दोन ओळखीचे जोड. सून, आणि मागे सासू, ओठ मिटलेले.

या वेळी मी शहाणी झाले होते. निदान तशी वागले. सासूंना सुनेपासून दूर करायची आमची एक जुनी युक्ती आहे. कुठल्याही सासूला म्हणावं, "तुमचं बीपी पाहू का? चेहरा थकल्यासारखा वाटते." एकही सासू नाही म्हणत नाही. आयुष्यभर कोणी न विचारलेली गोष्ट असते ती. ही सुद्धा गेली बाजूच्या खोलीत दुसऱ्या सिस्टरकडे, बाही वर करत.

दार लोटलं. मी बीपी विचारतात त्या आवाजात प्रश्न विचारला आणि पुढचं वाक्य न विसरता जोडलं. "हे आम्ही प्रत्येक आईला विचारतो."

"मालूम है," सून म्हणाली. "मासेवालीने सांगितलं."

मी तिच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते बघत राहिले. खरं तर ते मला आधीच कळलं होतं.

"मला बांगड्या घ्यायच्या म्हणून नेलं होतं," ती म्हणाली. "काचेच्या. घेतल्या पण खरंच. नंतर. आईने स्वतः घातल्या माझ्या हातात, आणि मी एक शब्द बोलले नाही की या मला नको. तेव्हापासून मी काचेच्या घालत नाही, आईला अजून वाटतं मला सोन्याची आवड आहे."

"आणि पोरीचं?"

"सुट्टीत. नणंदेने सगळं ठरवलंय." तिने माझं मनगट धरलं. "मी बोलले तर म्हणतील, हिला शहाणपण आलं. सिस्टर, मी काय करू?"

संशय खरा निघाला की मला एरवी आनंद होतो. त्या दिवशी नाही झाला.

"सासूबाईंशी मी बोलू का?" मी विचारलं. "तुम्ही हो म्हणाल तरच."

तिने मानेनेच हो म्हटलं.

मी मनातल्या मनात पदर खोचला. पण बाजूच्या खोलीत सासू नव्हती. बीपी बघून झालं होतं आणि ती बाहेर बाकावर ढिवराच्या बाईशेजारी बसली होती. मला बघून ती बोलायची थांबली नाही.

"तुला पण विचारलं?" ती त्या बाईला विचारत होती. खात्री करत होती. माझ्यासारखीच निघाली.

"मले बी, हिले बी, तिले बी." मासेवालीने बाकावरच्या सगळ्यांकडे हात फिरवला. मग तिने सासूकडे नीट पाहिलं. काय समजायचं ते तिला समजलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "तुमची नात लय गोड हाय वो. मी धागा घ्यायले येतो त मले मोजू लागते."

सासू उठली. माझ्या खोलीत आली, सुनेच्या शेजारी बसली आणि दाराकडे बघून म्हणाली, "बंद करा."

मी भाषणाची तयारी केली होती. रक्त, जखम, लघवी, बाळंतपण, ओळीने. तिने हात वर केला.

"मुझे कुछ याद नहीं. लोक म्हणतात याद राहते, मला नाही. फक्त कोणीतरी पायाचा अंगठा धरला होता, इतका जोरात. आजही कोणी माझ्या पायाला हात लावला तर मी उठून बसते. नमस्कार पण नाही करू देत कोणाला." ती सुनेकडे वळली. "तुला वाटलं मला पाहिजे हे?"

सून रडायला लागली. ज्या बाईला मी आरोपी ठरवून बसले होते तीच समोर बसून आपला अंगठा चोळत होती.

"मग थांबवा ना," मी म्हटलं.

"किसको क्या बोलूँ? पोरीच्या आत्याला? तिच्या सासरच्यांना? सगळे विचारतील, आजपर्यंत झालं, आता काय झालं? आमच्याकडे येणं-जाणं बंद करतील. उद्या पोर लग्नाची होईल, मग?"

खरी अडचण ही होती. ज्ञानाची नव्हती. मी एवढा वेळ ज्ञान घेऊन बसले होते.

"माझ्यावर ढकला," मी म्हटलं.

"मतलब?"

"सांगा, इथली सरकारी नर्स फार बदमाश हाय. पाळत ठेवते. पोरीच्या केसाले धक्का लागला त ठाण्यात जाईन म्हणते. आणि ते खोटं नाही, मी खरंच जाईन. लेकराले अशी इजा करणं गुन्हाच हाय, कळलं त मले कळवावंच लागेल. म्हणा, ती बाई लय भांडखोर हाय, तिच्या तोंडी कोण लागते."

सासूने पहिल्यांदा ओठ सोडले. "वो तो मैं पहले से बोल रही हूँ सबको."

सून रडता रडता हसली. मी पण.

त्यानंतर बाजारात माझी जी कीर्ती पसरली ती काय सांगू! मासेवाली हप्त्याला नवा मजकूर आणायची. नर्सबाईने एकाच्या घरात पोलीस घातले, नर्सबाईचा भाऊ वकील आहे, नर्सबाई रात्री दुकानासमोरून चकरा मारते. मला भाऊच नाही. नवऱ्याने फॅक्टरीतून ऐकून आल्यावर विचारलं, "कोणत्या वकिलाची बहीण हायेस तू?"

पण मला या सगळ्यावर भरवसा नव्हता. परीक्षा संपली. शाळेला सुटी लागली. हो म्हणालेली माणसं घरी जाऊन नाही म्हणतात, हे मी जन्मभर पाहिलेलं. आत्या स्वतःच आली तर? सासूचा धीर सुटला तर? मुलीला तपासायचं तर नव्हतंच, ते डॉक्टरणीने बजावलं होतं, आणि न बजावता मलाही कळत होतं. मग मी एकच करू शकत होते. एसटीतून उतरले की दुकानात जायचं आणि काहीतरी विकत घ्यायचं. ओट्यावर पोर आहे ना, तेवढं बघायचं. सुटीभर मी खिळे घेतले. कोयंडे घेतले. नळाच्या तोट्या इतक्या घेतल्या की नवरा म्हणाला, आपल्या घरात नळ दोन, तू कुठं नदी अडवून राहिलीस काय?

पोर रोज ओट्यावर होती. एक दिवस नव्हती. सासू आतून आली, माझ्याकडे बघितलं, आणि न विचारताच म्हणाली, "अंदर सो रही है. ताप आहे. बघायचं तर या." मी आत गेले. कपाळाला हात लावला, साधाच ताप, खोकल्याचा. पोरीने डोळे उघडून मला पाहिलं आणि विचारलं, "आज कितने नंबर के खिळे?"

शाळा सुरू झाली तेव्हा आत्याकडे कोणी गेलेलं नव्हतं. आत्या दोन वर्षं बोलली नाही. मग बोलायला लागली.

पावसाळ्यात सुनेला दुसरी मुलगी झाली. माझ्याच हाताने. सासू बाळ घेऊन दाराशी उभी होती. मी म्हटलं, आता सात वर्षं निवांत. ती म्हणाली, "तुम्ही? निवांत?"

ती धाकटी आता सात वर्षांची आहे. मी निवृत्त आहे, गुडघे बोलतात, एसटीची पायरी उंच झाली आहे. गेल्या आठवड्यात परीक्षा संपल्या म्हणून मी तरी पण गेले. गल्ल्यावर मोठी बसली होती, चौदा-पंधराची, आजीसारखीच ताठ. धाकटी ओट्यावर पाय हलवत बसली होती.

"पाव किलो खिळे," मी म्हटलं. "दोन इंची."

मोठीने तोलून दिले, पुडी बांधली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, मला सगळं माहिती आहे. आईने सांगितलं. हिला कोणी कुठे नेणार नाही. मी आहे ना."

मी तिच्याकडे पाहिलं. जन्मभर तपासत आले तशी. डोळे, ओठ, हात. काही लपवत नव्हती.

"बरं," मी म्हटलं. "तरी पुढच्या आठवड्यात मला कोयंडा लागेल."